कॅमेऱ्याच्या पोटाला कुंकू

१८ ऑक्टोबर २००४, सोमवार

आज पुन्हा तेच. गिऱ्हाईक दारात आलं, माझ्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, त्या डिजिटलवाल्या मॅडम हाईत का? मी काउंटरवर बसलेली, नाकावर चष्मा, हातात रिटचिंगचा ब्रश. म्हटलं, हाईत की. आत हाईत. बसा.

मॅडम म्हणजे वैशाली, माझी धाकटी जाऊ. इथून पुढं नुसतं वै. लिहिणार. तिच्या पूर्ण नावावर शाई कशाला घालवू.

ही आली दोन वर्षांमागं, पुण्याहून, कंप्युटरचा कोर्स करून. त्याआधी बायकांचं कुठलंबी कार्य असू दे, हळद, बारसं, डोहाळजेवण, राजारामपुरीत लोक "सुमनवहिनींना बोलवा" म्हणायचे. बायकांच्यात पुरुष फोटोग्राफर अवघडतो म्हणून मामांनी (सासरे) मला लग्न झाल्या वर्षीच कॅमेरा शिकवला. मामांच्या दोन्ही पोरांनी नोकऱ्या धरल्या, हे दूध संघात, भाऊजी फाउंड्रीत. स्टुडिओ मी आणि मामांनी ओढला. आता सगळं वै. वै. वै.

१९ ऑक्टो.

मामा सकाळी शटर उचलताना मधेच थांबले. गुडघा. मग चहा पिताना आम्हां दोघींच्या देखत म्हणाले, "पाडव्याला दुकानाची किल्ली एकीच्या हातात देणार. दोन हातांत किल्ली फिरत न्हाई."

वै. खाली बघून कप विसळत होती. मी मामांकडं बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे म्हणाले, तुमचं दोघींचं चालू दे, मला आधी वाढ.

खंडेनवमी

हत्यारांची पूजा. शेतकऱ्याच्या घरात विळे-कोयते पुजतात तसे आमच्याकडं कॅमेरे. दरवर्षीचा मान माझा, थोरलीचा. पाटावर मामांचा जुना पेटीचा कॅमेरा, माझा रोलचा, फ्लॅश, ट्रायपॉड, कात्री, आणि यंदा पहिल्यांदाच वै.चा डिजिटल अन् कंप्युटरचा माउस.

आमच्या घरची पद्धत आहे, यंत्राला नुसतं वरून कुंकू लावायचं न्हाई, पोटाला लावायचं. मामांनी शिकवलेलं. रोलच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून आत जिथं रोल बसतो तिथं बोट टेकवायचं. दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचं. मग वर्षभर यंत्र दगा देत न्हाई.

डिजिटलचं पोट कुठं असतंय? रोलच न्हाई तर पोट कसलं? वै.ला विचारलं असतं, पण ती कंप्युटरला हार घालत मामांशी हसत बोलत होती. बाजूला एक रबराचं इवलंसं झाकण दिसलं. उघडलं, आत बारीक खाच. म्हटलं हेच असणार. ओलं कुंकू, त्यावर हळद, वर अक्षता. बोट जात न्हव्हतं म्हणून करंगळी दाबली.

पूजा मन लावून केली का? आपल्यापुरतं खरं लिहायचं तर न्हाई. सगळं ध्यान मागं हसणं चाललं होतं तिकडं. मामा माझ्याशी असं हसल्याला किती वर्षं झाली.

२४ ऑक्टो., रवि.

दसऱ्याला दोन दिवस झाले. सगळी हत्यारं पुसून जागेवर ठेवली. वै.चा कॅमेरा तिनंच उचलून नेला, "मी पुसते ताई, तुम्ही राहू द्या." राहू दिला.

इचलकरंजीहून शारदाकाकूंचा फोन. लूमवाल्या काकू. त्यांच्या प्रतीक्षाचं बारसं मी काढलंय, हळद मी काढलीय, लग्नातली बायकांची बाजू मी काढलीय. आता तिचं डोहाळजेवण. याआधी दोनदा पोरीचं राहिलेलं गेलं, कुणी सण केला न्हाई, कुणी बोललं न्हाई. यंदा सातवा पार पडतोय. काकू रडत हसत होत्या. मीबी.

मग शेवटी म्हणाल्या, "सुमन, ते डिजिटलवालं करूया की. पोरीला लागलीच बघाय मिळतंय."

मी म्हटलं, हां, करूया की.

२७ ऑक्टो., बुध.

इचलकरंजी. झोपाळा, शेवंतीचे दागिने, हिरवी साडी. प्रतीक्षाचं तोंड बघून डोळे भरले.

मी माझा कॅमेरा पिशवीतनं काढला तर काकू म्हणाल्या, रोल नको गं, उगं पोरीला दोन-दोनदा थांबाय लागतंय, पाय सुजल्यात तिचे. बरोबर हाय. पिशवीत ठेवला. मग दिवसभर माझं काम काय? पदर सारखा करणे. फ्लॅश धरणे. झोपाळा हलू नये म्हणून मागून दोरी धरणे. एका पोरीनं विचारलं, तुम्ही मॅडमच्या मदतनीस काय हो?

वै. एकदाबी "इकडं बघ, हास" म्हणाली न्हाई. नुसती फिरत होती मांजरावानी. असे कुठं फोटो असतात?

पेढा निघाला. मुलगा म्हणतात.

२८ ऑक्टो.

फोटो कंप्युटरवर उतरेनात!

वै.नं केबल लावली, कंप्युटर "टुंग" वाजला, लगेच "टुडुंग" करून बंद. पुन्हा लावली, पुन्हा तेच. पडद्यावर इंग्रजी पाटी, हे यंत्र ओळखीचं न्हाई म्हणून. मी काउंटरवरनं ऐकत होते. टुंग, टुडुंग. टुंग, टुडुंग. काय सांगू, इतकं गोड वाजत होतं.

चहा करून दिला तिला. साखर जास्त घातली.

२९ ऑक्टो.

वै.नं कंप्युटर बंद करून चालू केला. मागच्या भोकात केबल लावली. कॅमेऱ्याबरोबरची सीडी घालून सगळं काढून पुन्हा बसवलं. बॅटरी पूर्ण चार्ज करून बघितली. दुसरी केबल आणली, तीबी तशीच. फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसतात, एकेक करून, प्रतीक्षा झोपाळ्यावर, काकू ओवाळताना. सगळं आत आहे. बाहेर येत न्हाई.

मामा मधेमधे डोकावतात. काय झालं? होतंय मामा. थोड्या वेळानं पुन्हा. होतंय मामा. तिसऱ्यांदा त्यांनी काही विचारलं न्हाई, नुसता सुस्कारा टाकला. मी ब्रश धुवत होते. पाठ तिच्याकडं होती म्हणून बरं, तोंडावरचं हसू दिसलं असतं.

३० ऑक्टो., शनि.

वै. कार्ड काढून शाहूपुरीतल्या कंप्युटरच्या दुकानांत फिरून आली. नखाएवढं चपटं कार्ड, कुठल्या वेगळ्याच जातीचं, कुणाच्याच मशिनीत बसंना. उन्हात जाऊन लाल होऊन आली.

मामांना एक शक्कल सुचली, माझ्या रोलच्या कॅमेऱ्यानं त्या छोट्या पडद्याचेच फोटो काढायचे. काढले. लगेच धुतले. प्रतीक्षाच्या जागी हिरवा ढग.

मामा म्हणाले, "रोल असता तर काल अल्बम गेला असता." हे वाक्य मी तीनदा मनात म्हटलं. जेवतानाबी म्हटलं.

१ नोव्हें., सोम.

काकूंचा फोन. फोटो कधी? मी उचलला. म्हटलं, काम चालू आहे काकू, जरा मशीन रुसलंय.

काकू म्हणाल्या, प्रतीक्षाला दवाखान्यात ठेवलंय, रक्तदाब वाढलाय. पडून असती बिचारी. फोटो बघितले तर जरा बरं वाटंल तिला, रोज विचारती.

फोन ठेवला. पहिल्यांदा टुडुंग गोड लागलं न्हाई.

पण वै.च्या तोंडाकडं बघितलं की पुन्हा... जाऊ दे.

३ नोव्हें.

कंप्युटरवाला येऊन गेला. पोट सुटलेला, पान खाल्लेला. कंप्युटर उघडून फुंकर मारली, केबल ओढून बघितली, कॅमेऱ्याकडं ढुंकून बघितलं न्हाई. म्हणाला, कार्डच खराब हाय, फॉरमॅट मारूया, नवं कोरं होतंय.

मी विचारलं, आणि फोटो?

फोटो जाणार की, म्हणाला. जसं काय खरकटं.

वै. नको म्हणाली. मामा म्हणाले, रविवारी बारसं घेतलंय, दिवाळीची गर्दी तोंडावर, कॅमेरा अडकून किती दिवस ठेवणार? शुक्रवारपर्यंत बघ, न्हाईतर फॉरमॅट. काकूंना मी तोंड देईन. तेवढं बोलून माझ्याकडं वळले, "सुमन, बारशाला तुझा रोल तयार ठेव."

इतक्या वर्षांत इतका आनंद झाला न्हव्हता. आणि झाल्या झाल्या लाज वाटली. दोन्ही एकदम होतंय का माणसाला? मला झालं.

४ नोव्हें., गुरु.

नीट लिहिते.

दुपारी वै. घरी गेलेली, मामा आत पडलेले. काउंटर पुसताना तिची केबल हातात आली. कॅमेऱ्याकडच्या टोकाच्या पत्र्यावर तांबूस काहीतरी. वाटलं गंज. बोटानं घासलं. बोट लाल झालं. गंज असा लाल नसतोय.

कॅमेरा घेतला, रबराचं झाकण उघडलं, खिडकीच्या उजेडात धरलं. आत पिवळ्या पिनांवर कुंकू वाळून बसलेलं, आणि कडेला अर्धी अक्षता. माझ्या करंगळीनं दाबलेली.

ते पोट न्हव्हतंच. केबल लावायचं तोंड होतं.

झाकण लावलं. कॅमेरा होता तसा ठेवला. केबलबी होती तशी. काउंटर पुन्हा पुसलं.

आता काय करू? सांगितलं तर मामा म्हणणार, पूजेत तुझं लक्ष कुठं होतं? आणि वै. काय म्हणणार? मुद्दाम केलंस. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

न सांगितलं तर उद्या फॉरमॅट. वै. फसली. किल्ली माझी. मला काही करायचंच न्हाई, नुसतं गप बसायचं. गप बसायला तर मला येतंय.

रात्री हे विचारत होते, जेवत का न्हाईस. म्हटलं, डोकं दुखतंय.

५ नोव्हें., शुक्र.

सकाळी मामांच्या आधी दुकान उघडलं. मामांनी विचारलं का गं एवढ्या लवकर, म्हटलं झाडायचंय.

रिटचिंगचा सगळ्यात बारीक ब्रश, वरून निगेटिव्ह पुसायचं स्पिरिट. आधी सुईनं अक्षता काढली. मग एकेक पीन. एका बाजूनं कुंकू सुटतंय तर दुसरीकडं सरकतंय. कापसाचा धागा काडीला गुंडाळून आत फिरवला, लाल निघाला. पुन्हा. पुन्हा. पांढरा निघेपर्यंत. निगेटिव्हवर बायकांच्या तोंडावरचे डाग घालवायची सवय असलेला हात, तो कुठं चुकतोय. झाकण लावून वाळत ठेवला. केबलचं तोंडबी पुसलं.

का केलं? वै.साठी न्हाई. हे इथं ठळक लिहून ठेवते. वै.साठी न्हाई. दवाखान्यात पडलेल्या त्या पोरीसाठी. बस.

वै. आली, डोळे सुजलेले. शेवटचं म्हणून केबल लावली. टुंग. टुडुंग न्हाई. थांबलं की! पडद्यावर एकेक फोटो उतरायला लागला. वै. खुर्चीवरनं उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर.

मामा धावत आले, गुडघा विसरून. म्हणाले, "पुण्याचं शिक्षण वाया न्हाई गेलं. न हरता बसली पोरगी, बघ सुमन."

बघते मामा. बघतेच आहे.

वै. म्हणाली, "मी आज वेगळं काहीच केलं नाही, मामा." आणि माझ्याकडं बघितलं. वर साळसूदपणा! मला बोलायचं होतं, मी केलं, मी साफ केलं. शब्द जिभेवर आलता. पण साफ केलं म्हटलं की काय साफ केलं, कुणी घाण केलं, ते सगळं आलं. गिळलं. असलं गिळलेलं पचत न्हाई.

६ नोव्हें.

फोटो बघितले. सगळे बसून बघत होते म्हणून बघावे लागले.

एक फोटो आहे. झोपाळ्यावर प्रतीक्षा, सगळ्या बायका पलीकडं ताटाभोवती, आणि तिनं कुणाचं लक्ष नसताना खाली आपल्या पोटाकडं बघितलंय. हात पोटावर, फुलांचा बाजूबंद घसरलेला. भिऊन, आणि लाडानं. त्या पोरीचं सगळं त्यात आहे, गेलेली दोन्हीबी.

मी त्या वेळेला मागं दोरी धरून उभी होते. मला दिसलं न्हाई.

माझ्या हातात कॅमेरा असता तर मी म्हटलं असतं, प्रतीक्षा, इकडं बघ, हास. आणि हा फोटो झालाच नसता. हे आज कळलं, आणि कळून जळजळ कमी झाली न्हाई, वाढली. तिला यंत्र चांगलं मिळालं म्हणून जळत होते तोवर बरं होतं. आता कशावर जळू? तिच्या डोळ्यांवर?

८ नोव्हें.

काकूंचा फोन, वै.साठी. मॅडमना द्या म्हणाल्या. दिला. पलीकडचं रडणं मला काउंटरवर ऐकू येत होतं. प्रतीक्षा तो पोटाकडं बघतानाचा फोटो उशाखाली घेऊन झोपते म्हणे.

रक्तदाब उतरलाय. तेवढं चांगलं झालं.

पाडवा

सकाळी ओवाळणं झालं. सगळे स्टुडिओत. मामांनी किल्लीला हळदकुंकू लावलं (माझी नजर तिथंच) आणि वै.च्या हातावर ठेवली. म्हणाले, "थोरलीचा हात पक्का आहे, पण दिवस धाकटीचे आहेत. सुमन, तू हिच्या पाठीशी राहा."

मी म्हटलं, राहीन की मामा. आवाज नीट निघाला. मग आत जाऊन पडदा धरून उभी राहिले, जो पडदा मी पासपोर्ट फोटोसाठी शिवलाय, निळा.

हे येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. पहिल्यांदाच वाढ म्हणाले न्हाईत.

सांगितलं असतं तर? कुंकू माझं, साफ करणं माझं, सगळं माझंच होतं. आणि किल्ली तिची.

१९ नोव्हें., शुक्र.

आज दुपारी दुकानात आम्ही दोघीच. मी अल्बमचे कोपरे चिकटवत होते. वै. कॅमेरा घेऊन माझ्यासमोर बसली. रबराचं झाकण उघडलं, आतल्या खाचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला, कात्रीनं कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "ताई, पुढच्या खंडेनवमीला आधी अशी पट्टी लावू. पोटाला कुंकू लावायचं तर लेन्सच्या मागं या गोल कडेला लावा. तिथं काही बिघडत नाही."

माझ्या हातातला कोपरा उलटा चिकटला.

विचारलं, कधी कळलं तुला?

"फोटो उतरले त्याच दिवशी सकाळी. पिनेजवळ तुमच्या ब्रशचा केस राहिला होता, कुंकवानं लाल झालेला. आणि स्पिरिटचा वास." हळू बोलत होती, पुण्याचं स्वच्छ मराठी. "त्याआधी आठवडाभर मी तिथंच केबल घालत होते, पण आत वाकून बघितलं नाही. मला सीडीच दिसत होती."

विचारलं, मामांना सांगितलंस?

नाही म्हणाली. आणि पुन्हा विचारायच्या आत म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं असतं तर साफ केलं नसतं."

मला स्वतःलाच ठाऊक न्हाई ते हिनं एका वाक्यात ठरवून टाकलं. बोंब मारली असती, मामांपुढं उभं केलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं. पदर खोचून भांडले असते. आता हिच्याशी भांडायचीबी सोय ठेवली न्हाई हिनं. फोटोत वरचढ, किल्लीत वरचढ, आणि आता गप बसण्यातबी, जे मला वाटत होतं की एवढं तरी माझं आहे.

किल्ली तिच्याकडं आल्यापासून काउंटरच्या खिळ्यावरच टांगलेली असते. घरी नेत न्हाई. मी येता-जाता बघते, हात लावत न्हाई.

संध्याकाळी जाताना कॅमेरा काउंटरवर माझ्या बाजूला ठेवून गेली. उद्या मलकापूरला बारसं. म्हणाली, मी येते बरोबर, पण तुम्ही काढा, बटण मी दाखवते. मी हो म्हटलं न्हाई, न्हाईबी म्हटलं न्हाई.

माझा रोलचा कॅमेरा पिशवीत भरून ठेवलाय. वैशालीचा अजून काउंटरवर आहे.